आमच्या चाळीचे विदेशमंत्री

आप्पा गेले.

आज सकाळी, चहाचा शेवटचा घोट संपवून. अर्धा कप टाकून उठणारा माणूस नव्हताच तो.

पांडेसऱ्याच्या मिलवस्तीतल्या आमच्या चाळीत शेवटची खोली त्यांची. अख्खी नोकरी कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये. शिक्षण सातवी.

पण कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये चाळीचे विदेशमंत्री तेच!

दिवसभर मोबाइलवर बातम्या. कुठल्या देशाने काय केलं ते बघायचं आणि संध्याकाळी चाळीला लागू करायचं.

इटलीत लोक बाल्कनीत येऊन गातात, हे कळलं त्या दिवशी आप्पा गॅलरीत उभे राहून अहिराणीतलं लग्नाचं गाणं गायले.

समोरच्या बिल्डिंगमधून गुजरातीत आवाज आला, "काका, हवे बस करो ने!" आता पुरे करा म्हणे.

अकरा खोल्यांना एक नळ. तिथे त्यांनी न्यूझीलंड आणलं.

"तिकडे एका घराचा एक बबल. दुसऱ्याच्या बबलात शिरायचं नाही."

भिंतीवर खडूने प्रत्येक घराची पाण्याची वेळ लिहिली. तरी नळावर दोघी भांडल्याच.

"जपानात जवळ जाऊन बोलू नका म्हणतात. भांडा, पण लांबून!"

दोघींना हसू फुटलं. भांडण तिथेच राहिलं.

मग मिल उघडायची चिन्हं दिसेनात. लोक पायी गावाकडे निघाले. माझा नवरा रवी, त्यानेही बॅग भरली. धुळ्यापर्यंत चालत. मला आठवा महिना.

आप्पा दारात आले.

"कोठे जाई ऱ्हायनात रे?"

"गावले, आप्पा."

त्या दिवशी त्यांनी एकाही देशाचं नाव घेतलं नाही. आमच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसले.

"जायचं तर मला ओलांडून जा."

रवी चिडला. ओरडला. म्हाताऱ्या माणसाला ओलांडणार कसा? शेवटी बॅग खाली ठेवली.

चौथ्या दिवशी त्याला ताप आला. रिपोर्ट पॉझिटिव्ह.

निघालो असतो तर तेव्हा नवापूरच्या रस्त्यावर कुठेतरी असतो. 

आप्पांनी आपली खोली रवीला दिली आणि स्वतः गॅलरीत गादी टाकली. दाराशी ताट ठेवायचे, लांब जायचे आणि ओरडायचे, "भाजी संपव! कोरियावाले बघ कसे पटापट बरे होतात!"

रवी बरा झाला. महिन्याभरात मुलगी झाली.

आप्पांचा हट्ट, नाव 'इटली' ठेवा. आम्ही तन्वी ठेवलं, तर आठवडाभर रुसले. मग तिला खेळवायला रोज आले. परवापर्यंत.

त्यांना मूलबाळ नव्हतं. आज दुपारी स्मशानात कुणीतरी विचारलं, "अग्नी कोण देणार?"

रवी म्हणाला, "विचारायचं काय त्यात? मीच."

सावकाश जा, आप्पा.

आम्ही तिघंही आहोत. तुमच्यामुळे.