एका नावाच्या दोन चौकटी

कसालच्या आमच्या कम्प्युटर सेंटरचे किस्से सांगायला बसले की नवरा म्हणतो, "झालं सुरू!" पण करू काय? तिथे लाईट सारखी जायची, किस्से मात्र रोज यायचे! आता त्या जागी मोबाईलचं दुकान आहे. तिठ्यावर एसटीतून उतरले की अजून नजर तिकडे जाते.

दुकान भाईचं, मी त्याच्याकडे टायपिंगला. तेव्हा गावोगाव देवळांचे जीर्णोद्धार चालले होते आणि प्रत्येक घराण्याला देवळात आपली वंशावळ लावायची होती. भाईने कुठूनतरी सॉफ्टवेअर आणलं. नावं टाका, झाड तयार! गोची एकच. त्याच्या लेखी एक नाव म्हणजे एकच माणूस. तेच नाव पुन्हा टाकलं की नवी चौकट नाही, रेघा जुन्या चौकटीलाच जोडून मोकळं! आणि आपल्याकडे तर गेलेल्या आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत.

*

पहिल्याच झाडात विठोबा आजोबा आणि विठोबा नातू एक झाले. रेघ खाली गेली ती वळून वर! घरचे कर्ते प्रिंट उलटसुलट करून बघत राहिले.

"भाई, ह्या काय? आजो आपल्याच झिलाच्या पोटाक इलो?"

भाई गंभीरपणे म्हणाला, "पुनर्जन्म, काका. मशीनीक सगळा कळता!"

*

दुसऱ्या घरात दोन जावा, लग्नानंतर दोघींचंही नाव लक्ष्मी. झाडात दोन भाऊ आणि मध्ये एकच लक्ष्मी! भावांनी माना खाली घातल्या. थोरली लक्ष्मी मात्र पदर खोचून पुढे आली.

"एकाक सांभाळताना जीव जाता माझो! दुसरो खंय ठेवू?"

*

मग भाईने युक्ती काढली. जो गेला त्याच्या नावापुढे 'कै.' लावायचं. नाव वेगळं दिसलं की मशीन गप चौकट काढायचं. आम्ही इतके खूश झालो की एकसारखी नावं दिसली की वरच्याला न विचारता 'कै.'!

एक दिवस एसटीतून एक आजोबा उतरले, काठी आपटत आत आले. सुनेने हौसेने त्यांच्या हयातीतच नातवाला त्यांचं नाव ठेवलेलं.

"देवळात माझ्या नावापुढे कै. लिवलास? मी कधी मेलंय रे?"

भाईने घाईघाईने खुर्ची पुढे सरकवली. "काका, बसा. चाय घेतास?"

"मेलेल्याक चाय चलता?"

चहा मात्र प्यायले. दोन कप!

*

सगळ्यांची झाडं काढणारा भाई स्वतःच्या घराचं झाड मात्र टाळायचा. त्याचा मोठा भाऊ सदा ट्रॉलरवर खलाशी होता. वादळात गेला तो परत आलाच नाही. बोट नाही, माणूस नाही. घर बंदराजवळच्या गावात; तिथे भाईची आई रोज होड्या लागायच्या वेळी किनाऱ्यावर जाऊन बसायची. सदाचा विषय निघाला की इतका बोलका भाई उठून बाहेर जायचा.

मग भाईला मुलगा झाला. त्याचं नाव सदाच ठेवायचं म्हणून आईच हटून बसली. गाव म्हणालं, बरं झालं, म्हातारीने शेवटी मन आवरलं.

बारसं झाल्यावर ती नातवाला घेऊन दुकानात आली. "आमचा झाड काढ," म्हणाली. भाई खुर्चीवरून उठेना. मीच टाईप करायला बसले. वर भाईशेजारी सदा टाकला. खाली बाळाचं नाव टाकलं तर रेघ वर गेली. दोन्ही सदा एकाच चौकटीत!

"काकी, दोन चौकटी होयत तर एकाच्या नावापुढे कायतरी लावक होया," मी कशीबशी म्हणाले. 'कै.' हा शब्द तोंडातून फुटेना.

"कित्याक थांबलं गो?" काकी म्हणाली. "घरात त्या नावान हाक मारूक मिळत नाय, जीव कासावीस होता. म्हणान ह्येचा नाव ठेवलंय. तो गेलो म्हणान नाय!"

मग बाळाला खांद्यावर नीट घेत तिने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"ह्येच्या पुढे लिव, इलो. आनी त्येच्या पुढे लिव, येतलो."

मी तसंच टाईप केलं: बाळ आलं, थोरला येईल. मशीनने दोन चौकटी काढल्या.