वाळूचं गाणं

यंदा कुठले अल्बम आवडले, असं मित्र विचारतात. छोट्या, स्वतंत्र बँडचे बरेच ऐकले, पण मनात राहिला तो आमच्या नाशिकच्या तिघांचा.

एका रविवारी दुपारी ते कॅफेत त्यातलीच गाणी वाजवत होते. गायिका सायली नदीतल्या वाळूउपशावरचं गाणं म्हणत होती, तेवढ्यात पाच-सहा जण आत घुसले. "बंद कर हे," म्हणत एकाने तिची गिटार हिसकावली आणि खांबावर आपटून मोडली. बाकीच्यांनी ड्रमरला लाथांनी तुडवलं. सायलीच्या थोबाडीत बसली, ओठ फाटला. आम्ही ऐकणारे खुर्च्या उचलून मध्ये पडलो, तेव्हा कुठे ते गेले.

सायलीने ओढणीने रक्त पुसलं. "अर्धं गाणं राहिलंय," ती म्हणाली. "ऐकता का?"

ती माईकशिवाय गायली. सुजलेल्या ओठातून शब्द नीट फुटत नव्हते.

अल्बममध्ये तेच गाणं स्वच्छ, गोड आहे. ते ऐकताना वाटतं, सूर लागला की गाणं झालं, एवढंच आपण समजत आलो. त्या दुपारी तिचा सूर जागोजागी हलत होता, आणि गाणं संपेपर्यंत आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही.