दहावी खोली

महिपती उदळा होता. उदळे म्हणजे माणसासारखे दोन पायांवर चालणारे, पण उदमांजराचं तोंड आणि झुबकेदार शेपटी असलेले लोक. नारायण पेठेतल्या मसाल्याच्या दुकानात तो नुसत्या वासावरून भेसळ पकडायचा. एवढ्या गुणी जिवाला पुण्यात भाड्याची खोली मात्र मिळेना. "खोली कशाला? झाडं काय कमी आहेत?" असं म्हणून नऊ घरमालकांनी त्याला वाटेला लावलं होतं.

दहाव्या, कर्वेनगरच्या यमुनाबाई. त्यांनी दार उघडताच महिपतीने उदळ्यांच्या रीतीने नमस्कार म्हणून त्यांचा तळहात हुंगला. हुंगलेलं लपवणं उदळ्यांत चोरीइतकं वाईट, म्हणून तो अदबीने म्हणाला, "दोन जिलब्या. तासाभरापूर्वी."

"आई! शुगर तीनशे आहे ना तुझी?" आतून मुलगी पूर्णिमा ओरडली.

यमुनाबाईंचा चेहरा पाहून महिपतीची शेपटी गळाली. हीही खोली गेली म्हणायची. तो वळला, तोच पूर्णिमाने त्याच्या हातात किल्ली ठेवली. "अहो, थांबा. रोज संध्याकाळी हिचा हात तेवढा हुंगायचा."

"जिन्यात शेपटीचे केस दिसता कामा नयेत," यमुनाबाई कडाडल्या. मग हळूच पुढे वाकल्या. "साबणाने हात धुतले तरी कळतं का हो?"

"साबण कोणता, तेही कळतं."