खाट अंगणात, टीव्ही घरात

परवडणारा लहान टीव्ही दुकानात समोर असताना मी हप्त्याने मोठा, शटरवाला घेतला. धरमपेठेत आमची खोली एकच. टीव्ही आत आला आणि माझी खाट अंगणात गेली. रविवारी सिनेमाला शेजारीपाजारी आत दाटीने बसत. मी खाटेवरून, खिडकीतून बघे.

तिथेच एक कामगार येई. हिंगण्याच्या कारखान्यातली रविवारची पाळी सुटली, की सायकल कुंपणाला टेकवून उभ्यानेच बघायचा. नायिका रडू लागली, की मान वळवून सायकलची घंटी पुसायचा. खिशातले निम्मे शेंगदाणे न बोलता माझ्या हातावर ठेवायचा. टीव्हीच्या मालकाचा मान म्हणून मीही ते ऐटीत खायचो. नाव कधी विचारलं नाही.

थंडी पडली. मला कानटोपीत कुडकुडताना पाहून तो म्हणाला, “आत जाऊन बसा न जी. टीव्हीवाला कोणाले हाकलत नाही, भला माणूस दिसते.”

“टीव्हीवाला मीच,” मी म्हणालो.

त्याने खिडकीकडे पाहिलं, मग खाटेकडे.

“मंग लहान घ्याचा होता न जी. तुम्हीबी मावले असते.”