शेऱ्याचा रकाना

आमच्या वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, बस डेपोत सत्तावीस वर्षं कंट्रोलर होत्या. खिडकीच्या आत बसायचं, कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली ते रजिस्टरात लिहायचं. उशीर झाला असेल तर शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा: टायर, फाटक, गर्दी, ड्रायव्हर जेवत होता. ड्रायव्हर लोक त्यांना घड्याळबाई म्हणत. अर्थात पाठीमागे.

"वेळ काय, कुणीही लिहील," वन्सं म्हणायच्या. "असं का झालं ते शेऱ्यात लिहायचं असतं. तो रकाना मोकळा ठेवणारा माणूस एक तर आळशी, नाहीतर चोर."

एकदा डेपोतल्या एका गाडीनं वळणावर एका बाईला धक्का दिला. साहेब म्हणाले, गाडी सुटल्याची वेळ वीस मिनिटं पुढची लिहा, म्हणजे ती गाडी आमची नव्हेच. वन्संनी लिहिली नाही. मग त्यांना दोन वर्षं पार्सलच्या खोलीत बसवलं. खिडकी नाही, ओल्या गोण्यांचा वास. घरी आल्या की आधी हात धुवायच्या, मग बोलायच्या. तक्रार म्हणून कधी केली नाही. एवढं एकच वाक्य त्यांच्या तोंडून अभिमानानं यायचं: "माझ्या हातचं खोटं अक्षर त्या रजिस्टरात नाही." लग्न झालं नाही, मोठं घर झालं नाही, दागिना झाला नाही. हे एक वाक्य झालं.

हे गेल्यावर घरात आम्ही दोघी आणि माझा मुलगा. मुलगा एकतीस वर्षांचा. आत्याची थट्टा हा त्याचा लहानपणापासूनचा खेळ. "आत्या, तुझं घड्याळ बंद पडलं तर उद्या सूर्य उगवायचा नाही गं." वन्सं हसायच्या. मीही हसायचे. आता ते हसू आठवलं की माझीच मला शिसारी येते.

गेल्या वर्षी तो कुठल्याशा मोटार क्लबात शिरला. ही मंडळी हौशी शर्यती भरवतात. वेगळा ट्रॅक वगैरे नाही, आपला रोजचाच रस्ता. त्यावर बैलगाडी असेल, शाळेची मुलं असतील, ही आपली चालली. नियम मात्र मजेशीर. सगळ्यांत जोरात जाणारा जिंकत नाही. रस्त्याचे टप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून दिलेला असतो. मध्येच कुठेतरी लपून माणसं घड्याळ घेऊन बसतात. ठरल्यापेक्षा सेकंदभर आधी पोचलात तरी गुण कापले, उशिरा पोचलात तरी कापले. म्हणून ड्रायव्हरशेजारी हिशोब करणारं माणूस लागतं.

"आत्या, तुझ्याशिवाय जमायचं नाही," मुलगा म्हणाला.

वन्संचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. बासष्टाव्या वर्षी बाईनं पेन्सिलींना टोकं काढून ठेवली, चष्म्याची दोरी बदलली, आठवडाभर आमटी ढवळताना पाढे म्हटले. कौटुंबिक गटात सुटताना गाडीत तिघं लागत होते, म्हणून तिसरी मी. मला गाडी लागते. पिशवी घेऊन मागे बसले.

सकाळी एका शाळेच्या मैदानावर सगळे जमले. उभ्या गाड्या नुसत्याच गुरगुरत होत्या, पेट्रोलचा धूर नाकात बसत होता. टोपीवाला प्रमुख भोंग्यावर विनोद करत होता आणि पन्नाशीची माणसं एकसारखे शर्ट घालून खिदळत होती. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि दार लावलं.

पहिले दोन टप्पे वन्संनी जे काही केलं ते बघायला हवं होतं. मांडीवर तक्ता, हातात घड्याळ, नजर किलोमीटरच्या दगडांवर. "नऊ सेकंद मागं. वाढव. बस. आता राख." मध्येच एका टपरीमागून माणूस डोकावला. वन्सं म्हणाल्या, "एक सेकंद. गेला तर एकच सेकंद."

"आत्या, तू कॉम्प्युटर आहेस!"

"कॉम्प्युटरला वळणं दिसत नाहीत. समोर बघ."

तिसरा टप्पा सुरू झाला. वन्सं स्पष्ट म्हणाल्या, "आता एकोणपन्नास. पंधरा किलोमीटर. मध्ये वस्ती आहे, पूल अरुंद आहे." मी मागे पिशवीत तोंड घालून बसले होते, तरी मला नीट ऐकू आलं. मुलगा म्हणाला, "ओके."

गाडी पळायला लागली.

"हळू. पुढं चाललोय आपण."

"बरोबर चाललोय, आत्या. तू वळणं सांग."

"अरे, दीड मिनिट पुढं आहोत!"

"मीटर तुझ्यासमोर आहे का माझ्या?"

वस्ती आली, गेली. पुलावर सायकलवाला होता, कॅरिअरवर अंड्यांचे ट्रे रचलेले, दोरीनं बांधलेले. मुलानं हॉर्न दाबला, दाबूनच ठेवला, आणि गाडी त्याच्या आणि समोरच्या ट्रकच्या मधून घातली. डाव्या आरशाचा खाडकन आवाज झाला. माझ्या काचेवर बदकन पिवळं येऊन आदळलं आणि ओघळायला लागलं. मी मागच्या काचेतून वळून पाहिलं. माणूस रस्त्यात बसला होता, एका हातानं दुसरा हात धरून.

"थांबव!" वन्सं ओरडल्या.

"उठला तो. आरशात बघितलं मी."

डावा आरसा तर धक्क्यानं मिटला होता.

"थांबव म्हणते ना!"

"वेळ जाईल, आत्या!"

दोन किलोमीटर असेच गेले. मग वन्संनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मी किती सांगितले होते?"

"एकोणपन्नास. फिफ्टी नाइन. तेवढाच ठेवलाय."

वन्सं म्हणाल्या, "एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी."

"मग तसं सांगायचं ना! पन्नास म्हणालीस का नाही? मला वाटलं पन्नास आणि वर नऊ! तुझे ते आकडे आजकाल कोण बोलतं?"

त्याला इंग्रजी शाळेत मीच घातलं होतं. आलेल्या-गेलेल्यासमोर "आमच्याला मराठी आकडे कळतच नाहीत हो" असं कौतुकानं सांगणारीही मीच. काचेवरचा बलक खाली सरकत होता. मी पिशवीत ओकले.

वन्संनी हिशोब केला. दहाने जास्त वेगानं पळाल्यामुळे आम्ही तीन मिनिटं पुढे होतो, आणि टप्पा संपत आला होता. मुलानं झाडाखाली गाडी उभी केली. तीन मिनिटं कशीतरी घालवायची होती. तो खाली उतरला, पाणी प्याला, आळस दिला, चाकाला लाथ मारून बघितली. पडलेल्या माणसासाठी ज्याच्याकडे वेळ नव्हता, तो आता वेळ जात नाही म्हणून शीळ घालत होता. पोटच्या पोराची किळस कशी असते ते मला त्या झाडाखाली कळलं.

"चल मागं," वन्सं म्हणाल्या.

"उलटं फिरलं की बाद करतात. नियम आहे. शर्यत संपली की जाऊ ना."

वन्संनी पट्टा सोडला. तक्ता आणि पेन्सिल सीटवर नीट ठेवली, पर्स काखेत घेतली आणि रस्त्याच्या कडेनं मागे चालायला लागल्या.

"आत्या! नाटकं नको करू! तीन मिनिटांत ये हं!"

त्यांनी वळूनही बघितलं नाही. तीन मिनिटं संपली. मुलगा स्टिअरिंगवर बसला आणि म्हणाला, "आई, पुढं ये. तक्ता धर."

आणि मी पुढे गेले. मला कुणी ओढलं नाही. सीट अजून कोमट होती. मी त्यावर बसले आणि पुढचं वळण वाचलं.

शेवटच्या मैदानावर टोपीवाल्यानं काचा बघितल्या. "हे काय, ऑम्लेट करत आलात का?" सगळे फिदीफिदी हसले. एकानं तर फोटो काढला. तक्ता हातात घेत टोपीवाल्यानं विचारलं, "आत्याबाई कुठायत?"

"तिला बरं वाटेना," मुलगा म्हणाला. "आकडेही चुकीचे सांगायला लागली होती. वय झालं."

मी शेजारीच उभी होते. तोंडात आंबट चव होती. तोंड उघडलं नाही. आमचा तिसरा नंबर आला, कप माझ्या हातात दिला, आणि फोटोवाला "हसा" म्हणाला तेव्हा मी हसले.

वन्सं संध्याकाळी बसनं आल्या. साडीच्या निऱ्यांवर बलक वाळून कडक झाला होता. "त्याचं मनगट मोडलंय. प्लास्टर घातलं. घरी सोडून आले," एवढंच म्हणाल्या. मग टेबलावरचा कप बघितला.

मुलगा फोनमध्येच होता. "थर्ड आलो, आत्या! तू घोळ घातलास तरी."

"काय घोळ घातला मी?"

"अगं, आकड्याचा. तसं क्लबात सांगावं लागलं. कोण विचारतंय तुला तिथे!"

वन्संनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "वहिनी, तू मागंच होतीस. मी किती म्हटलं?"

"एकोणपन्नास."

"हे तिथं सांगितलंस?"

साहेबानं दोन वर्षं पार्सलच्या खोलीत बसवूनही जे घेता आलं नव्हतं, ते माझ्या मुलानं उभ्या-उभ्या घेतलं आणि मी कप धरून उभी राहिले. वन्सं आत गेल्या. नळ बराच वेळ चालू होता.

सकाळी देवापुढे हात जोडले आणि शब्दच फुटेना. उठले. तक्त्याची आमच्याकडची प्रत घेतली. तिसऱ्या टप्प्यासमोर, शेऱ्याच्या शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात लिहिलं: "एकोणपन्नास असे स्पष्ट सांगितले होते. चालकास आकडा कळला नाही. पुलावर माणूस पडला. थांबलो नाही. पुढे जाऊन तीन मिनिटे उगाच थांबलो. मी गाडीत होते." खाली सही केली आणि वन्संना दाखवलं.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. शाबासकी वगैरे काही नाही. "माणूस पडल्याची वेळ राहिली."

"किती?"

"दहा बेचाळीस." पेन मात्र हातात घेतलं नाही. मीच लिहिली.

तक्ता आणि कप घेऊन क्लबाच्या प्रमुखाकडे निघाले, तर मुलगा दारात आडवा आला. "आई, वेड लागलंय का? मला क्लबातून काढतील. पोलिसात जाईल हे!"

"जाऊ दे."

"माझ्यापेक्षा आत्या मोठी झाली का तुला?"

"बाजूला हो, बाळा."

टोपीवाल्याचं टायरचं दुकान आहे. काडीनं दात कोरत त्यानं तक्ता वाचला आणि एका बोटानं माझ्याकडे परत सरकवला. "बाई, हा रकाना आपण मोकळाच ठेवतो. हौसेचा खेळ आहे. घरातलं घरात मिटवा."

"तुम्ही आळशी तर दिसत नाही," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. मी कप काउंटरवर ठेवला, त्याखाली तक्ता ठेवला आणि बाहेर पडले.

घरी वन्सं भाजी निवडत बसल्या होत्या. मुलगा खोलीचं दार लावून आत. "घेतला का त्यानं?" वन्संनी विचारलं.

"घेत नव्हता. ठेवून आले."

"किती वाजता?"

"असतील साधारण अकरा."

"साधारण?" वन्सं म्हणाल्या.