चादरीचा कोपरा

थंडीसाठी पेटीतली चादर काढली आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर व्यंकटेशमामांचा भवानी पेठेतला कारखाना आठवला. मी तेव्हा नुकतीच वेबसाइट बनवायला शिकले होते. मामांच्या चादरींना मागणी राहिली नव्हती, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. मी एका चादरीचा फोटो पडद्यावर लावला आणि मोर, कमळ अशा एकेका नक्षीभोवती न दिसणाऱ्या चौकटी आखल्या. मोरावर क्लिक केलं की मोराच्या सगळ्या चादरी दिसायच्या.

मामा पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "लई चांगलं झालंय पोरी. पण गिऱ्हाईक आधी चादर उलटी करून बघतंय की. हितं उलटी बाजू कुटं हाय?"

मला हसू आलं, पण मागच्या बाजूचाही फोटो काढला आणि खालच्या कोपऱ्याला जोडून दिला. मामांनी तेलकट बोटं लुंगीला पुसली, माऊस धरला आणि कोपरा दाबला. चादर उलटली, रंगांची अदलाबदल झाली. शेजारी माग खडखडत होते.

"आता येतील गिऱ्हाइकं," ते म्हणाले.

कोणी आलं नाही. माग भंगारात गेले, मागोमाग मामाही गेले.

आज जुन्या पेनड्राइव्हवरचं ते पान उघडलं. माऊस कोपऱ्यावर नेला की बाणाचा अजूनही हात होतो. क्लिक केलं, तर नुसती पांढरी चौकट आली. मागच्या बाजूचा फोटो कधीच हरवलाय. मांडीवर खरी चादर होती, तरी मी पडद्यावरचा तो कोपरा दाबत राहिले.