अबू सलवानची मिशी आणि मखमली खोळ

इराकमधल्या बसऱ्यात संगणक दुरुस्त करणारे पुष्कळ, पण तापणारं यंत्र घेऊन लोक जायचे ते अबू सलवानकडेच. गडी मूळचा कूलर दुरुस्त करणारा. "हवा कुठून शिरते नि कुठून बाहेर पडते एवढं बघायचं, बाकी सगळी पोपटपंची," असं तो मिशीला पीळ देत सांगायचा. ती मिशी चाळीस वर्षांची, पांढरीशुभ्र आणि भरघोस होती. हमीचा कागद तो कधी देत नसे, मिशीची शपथ घेई, आणि ती चालत असे.

त्या जुलैत मात्र रफलच्या संगणकाने त्याचा अंत पाहिला. ही मुलगी घरी बसून लग्नांच्या फिल्म जोडायची. ऐन कामात ग्राफिक्स कार्ड नव्वद अंशांवर जाई आणि यंत्र धाडकन बंद पडे. अबू सलवानने धूळ झाडली, चिपची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती ती खरवडून नवी लावली, उलटा बसवलेला पंखा सुलटा केला. दुकानात दोन तास चालवलं. सहासष्ट अंश!

तिसऱ्यांदा ती यंत्र घेऊन आली तेव्हा शेजारचे दुकानदार चहा पीत बसले होते.

"अम्मो, अहो काका, घरी नेलं की पुन्हा एक्क्याण्णव!"

"म्हातारा झालास रे अबू सलवान," एकाने डिवचलं. "आता कूलरच बघ!"

झालं, स्वारी भडकली. "उद्या हिच्या घरी जातो! माझ्या कामात खोट निघाली तर ही मिशी तुम्हा सगळ्यांसमोर उतरवीन!"

दुसऱ्या दिवशी रफलची आई, हज करून आलेली हज्जिया बद्रिया, दारात स्वागताला उभी. घरात टीव्हीला खोळ, फोनला खोळ, फ्रिजच्या मुठीलासुद्धा खोळ. कोपऱ्यात संगणक होता, गर्द हिरव्या मखमलीत नखशिखांत गुंडाळलेला. बटणापुरतं तेवढं भोक. दुकानात रफल तो उघडाच आणायची, मग हे कळणार कसं! अबू सलवानला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मिशी वाचली होती. तो बोलणार, एवढ्यात हज्जियाने मखमलीवरून हात फिरवला.

"कशी झालीय? अख्खा हिवाळा शिवत होते. डोळे अधू झाले, पण धुळीचा कण आत जात नाही. पोरीच्या पोटापाण्याचं यंत्र ना ते."

अबू सलवानने मिशीवरून एकदा हात फिरवला.

"मग बिघाड काय होता?" तिने विचारलं.

"माझाच गाढवपणा, हज्जिया. पेस्ट चुकीची लावली." रफलने मान खाली घातली, तिच्या सगळं ध्यानात आलं होतं. "आणि एवढी देखणी मखमल यंत्रावर मळवू नका हो. भिंतीवर लावा. याला नवरीच्या ओढणीची विरळ जाळी शिवा."

संध्याकाळी त्याने बाजारातही तेच सांगितलं, आणि तिथल्या न्हाव्याकडे मिशी उतरली. शेजारी हसून हसून बेजार झाले, आणि खरं सांगायचं तर अबू सलवानला रडूच आलं.

आठवड्याने हज्जियाने त्याला बोलावून घेतलं. जाळीतून पंखे खुशाल गरगरत होते. सदुसष्ट अंश. तिने खजूर भरलेल्या कलैचा बिस्किटांची थाळी पुढे सरकवली आणि त्याच्या बोडक्या ओठाकडे बराच वेळ पाहिलं.

"डोळे अधू झालेत माझे, अक्कल नव्हे. जुलैत मखमल घालून मीसुद्धा बेशुद्ध पडले असते," ती म्हणाली. "खा. आणि मिशी पुरती वाढेपर्यंत दर गुरुवारी जेवायला इथेच यायचं."